लोकांसाठी लिहिलेल्या इतिहासाची पारख

सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेला इतिहास भरवशाचा आहे की नुसताच चटकदार, हे ओळखण्याची रीत. भाषा ओघवती हवी हे खरेच, पण ते कादंबरीलाही लागू आहे. पारख होते ती लेखक आपल्या साक्षीदारांना कसे तपासतो यावरून.

नाशिकपुरते बोलायचे तर कसोटीला पांडवलेणी पुरेत. (पांडवांचा इथे संबंध नाही, लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली.) लेणे क्र. 3 मधील प्राकृत लेख म्हणतो, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या घोड्यांनी तीन समुद्रांचे पाणी प्यायले आणि त्याने क्षहरात हा प्रतिस्पर्धी राजवंश निर्मूल केला. हौशी लेखक एवढे उतरवून पुढे सरकतो. जाणता लेखक विचारतो, हे बोलतेय कोण? तर राजाची आई, गौतमी बलश्री. तेही नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षी. आईने लेकाचे कौतुक करताना हात आखडता घेतला नसेल, हे उघड आहे. तरी क्षहरातांबद्दलचे तिचे बोलणे पोकळ नाही. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीला चांदीच्या 13,000हून अधिक नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षहरात राजा नहपानाची, पण निम्म्याहून बरीच अधिक नाणी गौतमीपुत्राने आपला ठसा मारून पुन्हा चलनात आणलेली. हा दुजोरा वाचकासमोर मांडणारे पुस्तक घ्यावे.

राजांपलीकडे नजर जाते का, हेही पाहावे. लेणे क्र. 10 मध्ये नहपानाचा जावई उषवदात सांगतो, की नाशिकजवळच्या गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) 2,000 कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, दरमहा शेकडा एक व्याजाने कायमचे ठेवले. त्यातून वर्षावासातील (पावसाळी मुक्कामातील) वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, वर्षाला प्रत्येकी 12 कार्षापण मिळावेत. हिशेब चोख जुळतो. त्या काळचे विणकर ठेवी सांभाळत होते, हे कळायला एवढा एक लेख पुरतो, पण लढायांच्या नादात तो बहुधा वगळला जातो.

अलीकडच्या काळात सावधगिरी जास्त लागते. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. या हत्येला निमित्त ठरलेली बाबाराव सावरकरांची जन्मठेप आणि जॅक्सनचा संस्कृतचा व्यासंग, दोन्ही नोंदवणारा लेखक विश्वासाचा. त्या रात्रीचे संवाद अवतरणचिन्हांत देणाऱ्याला मात्र ते कुठून मिळाले, हे विचारावेच.