ऑस्ट्रेलियाचा ४८२ व्हिसा: आरोग्य विमा निवडण्याआधी हे वाचा

४८२ म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या कंपनीने नोकरीवर बोलावलेल्या कुशल माणसांचा तात्पुरता व्हिसा. कंपनीचं नॉमिनेशन, म्हणजे त्या जागेसाठी तुमचं नाव सरकारला देणं, झालं, इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल आला, अनुभवाची पत्रं गोळा झाली, की विम्याचा कागद सगळ्यात शेवटी आठवतो. मग रात्री बसून जो प्लॅन स्वस्त दिसेल तो काढला जातो. व्हिसा त्यावरही मिळतो. पण पुढची दोन-चार वर्षं तिथे राहायचं आहे, बायको-मुलं सोबत आहेत, म्हणून घाई करू नका असं आम्ही प्रत्येकाला सांगतो.

डिसेंबर २०२४ पासून या व्हिसाचं नाव ‘स्किल्स इन डिमांड’ झालं. ४८२ हा क्रमांक मात्र तोच राहिला, आणि विम्याची अटही. कागदोपत्री तिचा क्रमांक ८५०१. ऑस्ट्रेलियात आहात तोवर पुरेसा आरोग्य विमा चालू हवा, एवढंच ती सांगते. यातलं ‘आहात तोवर’ महत्त्वाचं. व्हिसा हातात पडल्यावर हप्ते थांबवले तर अटीचा भंग होतो आणि व्हिसा रद्दही होऊ शकतो. अर्जात जोडीदार आणि मुलं असतील तर त्यांनाही हीच अट लागू आहे.

ऑफिसातला ब्रिटिश सहकारी विमा न काढता कसा आला, असा प्रश्न तिथे गेलेले बरेच जण विचारतात. ब्रिटन, आयर्लंड, इटली अशा मोजक्या देशांशी ऑस्ट्रेलियाचा आरोग्यसेवेचा करार आहे, त्यामुळे तिथल्या नागरिकांना मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य योजना, वापरता येते. भारताशी असा करार नाही.

आपल्याकडे विमानाच्या तिकिटासोबत निघणारा प्रवास विमा इथे पुरत नाही. त्यात बहुधा पन्नास हजार किंवा एक लाख डॉलरची मर्यादा असते. ८५०१ साठी माणशी वर्षाला किमान दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचं संरक्षण लागतं, शिवाय सरकारी रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च, तिथली औषधं आणि तातडीची अँब्युलन्स त्यात यावी लागते. अशा पॉलिसीला तिथे ओव्हरसीज व्हिजिटर हेल्थ कव्हर म्हणतात. मेडिबँक, बुपा, अलायन्झ, निब या कंपन्या ती देतात. प्लॅनच्या माहितीत ८५०१ ची अट पूर्ण होते असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच पुढे जा. तिथेच शिकून आता ४८२ वर येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: विद्यार्थ्यांची पॉलिसी वेगळी असते, ती पुढे ओढून चालत नाही.

आता खरा मुद्दा, प्रतीक्षा काळ, म्हणजे पॉलिसी सुरू झाल्यावरही काही खर्च मिळत नाहीत तो काळ. व्हिसाच्या नियमांनुसार विमा कंपनीला गरोदरपण आणि बाळंतपणासाठी बारा महिने थांबवण्याची मुभा आहे. आधीपासूनच्या आजारांसाठीही बारा महिने. नुकतं लग्न झालेल्या जोडप्यांनी हे आधी वाचावं. पॉलिसी सुरू झाल्यावर चौथ्या महिन्यात दिवस राहिले तर बाळंतपण तेराव्या महिन्याच्या आसपास येतं. थोडं अलीकडे सरकलं, तर रुग्णालयाचं सगळं बिल घरच्यांवर येतं, आणि मेडिकेअर नसलेल्याला ते फार जड जातं. बाळ येणार असेल तर एकट्याची किंवा जोडप्याची पॉलिसी कुटुंबाची कधी करायची, हेही कंपनीला लवकर विचारा.

मधुमेह, रक्तदाब, थायरॉईड असेल तर लपवू नका. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या सहा महिन्यांत आजाराची लक्षणं होती का, हे विमा कंपनीने नेमलेला डॉक्टर ठरवतो. तुम्ही आजाराचं नाव लिहिलं नाही म्हणून तो नव्याने झालेला ठरत नाही.

स्वस्त आणि महाग प्लॅनमधला फरक मुख्यतः रुग्णालयाबाहेर दिसतो. समजा मुलाला ताप आला, तुम्ही जवळच्या जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, गेलात आणि त्यांनी ९० डॉलर घेतले. सरकारी दरपत्रकात साध्या तपासणीचा दर साधारण ४३ डॉलर आहे. चांगला प्लॅन निदान तेवढे परत देतो, वरचे ४७ तुमचे. अगदी तळच्या प्लॅनमध्ये पूर्ण ९० तुमचे असू शकतात. एकटा, तिशीतला, धडधाकट माणूस हे सोसू शकेल. शाळेत जाणारी मुलं असतील तर आमचं स्पष्ट मत आहे: जीपी, रक्ततपासणी आणि औषधं असलेला मधला प्लॅन घ्या.

पॉलिसी निघाली की कंपनीकडून व्हिसासाठीचं पत्र मागून घ्या. पैसे भरल्याची पावती त्या जागी चालत नाही. पत्रावर प्रत्येकाचं नाव पासपोर्टवर आहे तसंच हवं. आडनाव आणि वडिलांचं नाव यांची अदलाबदल आपल्याकडच्या पासपोर्टांमुळे वारंवार होते, तेवढं अक्षर अक्षर ताडून बघा. विमा ऑस्ट्रेलियात उतरण्याच्या दिवसापासून सुरू करा. तिकीट पुढे गेलं तर तारीख बदलून घ्या, मध्ये एक दिवसही मोकळा ठेवू नका.

एक पैशाची गोष्ट, जी फार कमी लोकांना माहीत असते. तिथल्या प्राप्तिकरात करपात्र उत्पन्नाच्या २ टक्के मेडिकेअर लेव्ही, म्हणजे मेडिकेअरसाठीचा कर, लागते. तुम्ही मेडिकेअरला पात्र नसाल तर सर्व्हिसेस ऑस्ट्रेलिया या सरकारी खात्याकडून तसा दाखला मिळतो आणि विवरणपत्रात या लेव्हीतून सूट मागता येते. दाखल्यासाठी अर्ज दरवर्षी करावा लागतो.

विमा आम्ही विकत नाही, पॉलिसी थेट कंपनीकडूनच काढा. पैसे भरण्याआधी दोन-तीन प्लॅनची माहिती छापून आमच्याकडे घेऊन या. प्रतीक्षा काळाचं आणि न मिळणाऱ्या गोष्टींचं पान आपण सोबत बसून वाचू. जोडीदारालाही आणा.