शाडू, प्लास्टर आणि ‘विरघळणारं’ शिल्प

मांडणशिल्प (इन्स्टॉलेशन) हा प्रकार ठाण्यात कलादालनाआधी गणपतीच्या मंडपात भेटतो, फक्त तिथे त्याला ‘देखावा’ म्हणतात. जागेच्या मापाने बेतायचं, बघणाऱ्याला आत घ्यायचं, काम संपलं की मोडायचं. आपल्या चित्रकारांनी हे माध्यम जोमाने हाताळलं ते १९९०च्या दशकात. मुंबई दंगलीतल्या एका वृत्तछायाचित्रावरून १९९३ साली उभी राहिलेली मांडणी त्यातली ठळक. तिथे धर्माच्या नावाने झालेल्या हिंसेला जाब विचारला होता, मंडपात श्रद्धा गृहीतच असते. पण सामानाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न दोन्हीकडे आहे.

मंडपापुरतं त्याचं उत्तर सरकारी कागदांतून आलं. मार्च २०१८मध्ये राज्यात थर्माकोलवर बंदी आली आणि मखरवाले पुठ्ठा, कापड, बांबूकडे वळले. काही जण सनबोर्डकडे गेले, जो प्लास्टिकचाच भाऊ. मे २०२०च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती नाकारल्या. जानेवारी २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिला, जूनमध्ये मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, तर जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचं विसर्जन कृत्रिम तलावातच करायला सांगितलं. म्हणजे त्या आदेशानुसार घडवणं चालणार होतं, सहा फुटांपर्यंतची मूर्ती खाडीत सोडणं नाही. मूर्तिकारांना दिलासा मिळाला, पर्यावरणवाल्यांचा हिरमोड झाला. आमच्या मते खरा भार पालिकांच्या हौदांवर पडला.

या सगळ्या वादात ‘विरघळते’ हा शब्द फार ढिला वापरला जातो. शाडू विरघळत नाही. तिचे कण पाण्यात सुटे होतात आणि तळाशी गाळ बसतो. उलट प्लास्टर, म्हणजे पाणी घेऊन पुन्हा घट्ट झालेलं जिप्सम, खरोखर विरघळतं, पण लिटरमागे जेमतेम दोन-अडीच ग्रॅम. दहा किलोच्या मूर्तीला चार हजारांवर लिटर पाणी हवं, तेही ढवळत राहिलं तर. साचलेल्या हौदात ती जशीच्या तशी पडून राहते. त्यावर अमोनियम बायकार्बोनेटचा उपाय आहे. मूर्तीच्या वजनाइतकी पावडर पाण्यात घालून मूर्ती बुडवायची आणि अधूनमधून ढवळायचं. फेस येतो, अमोनियाचा उग्र वास सुटतो, म्हणून बंद खोलीत हे करू नये. वर खत म्हणून चालणारं अमोनियम सल्फेटचं पाणी उरतं, खाली चुन्यासारखा साका. रंग मात्र जात नाही, त्याचे पापुद्रे तरंगतात.

शाडूवाल्यांची अडचण निराळी. गंमत म्हणजे शाडू दाबायचे साचे बहुतेक प्लास्टरचेच, कारण प्लास्टर मातीतलं पाणी शोषतं आणि मूर्ती सुटून येते. मग खरी परीक्षा सुकवण्याची, आणि तीही ऐन पावसाळ्यात. मनगट, सोंड लवकर सुकून आकसतात, जाड बैठक ओली राहते आणि सांध्यावर भेग पडते. पंख्याचा झोत थेट लावला तर हमखास. त्यावर ओलं फडकं टाकून पातळ भागांचं सुकणं लांबवायचं. भेग पडलीच तर शाडूच्या पातळ लगद्यात कागदाचा लगदा कालवून भरायची.

विसर्जनानंतर हौदाच्या तळाचा गाळ चाळून, सुकवून पुन्हा मळता येतो. अट एकच: मूर्ती तैलरंगाची नसावी. पापुद्रे मातीत मिसळले तर पुढच्या मूर्तीत नेमक्या तिथे माती धरत नाही.