इकोनोफिजिक्स आणि सोशिओफिजिक्स

डब्यात कोंडलेल्या हवेचा एकेक रेणू कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही, पण सगळ्यांचा मिळून दाब किती ते बरोबर काढता येतं. ह्याच हिशोबाने माणसांच्या घोळक्याकडे बघायचं, बाजारासाठी इकोनोफिजिक्स, समाजासाठी सोशिओफिजिक्स. इकोनोफिजिक्स हे नाव भौतिकशास्त्रज्ञ एच. युजीन स्टॅन्ली यांनी १९९५ साली कोलकात्याच्या परिषदेत वापरलं, म्हणजे बारसं आपल्याच देशात झालंय.

कोकणी माणसाला हे गणपतीच्या प्रवासावरनं लगेच कळेल. मुंबईहून निघालेल्या चाकरमान्याने पेण, माणगाव करत हायवेने जायचं, की पुणे-साताऱ्यावरून कराडला वळून कुंभार्ली घाट उतरून चिपळूण गाठायचं? ज्या रस्त्याला कमी लोक तो रस्ता चांगला, पण गाडीत बसलेला प्रत्येकजण हाच विचार करत असतो, त्यामुळे सगळ्यांना लागू पडेल असं एक बरोबर उत्तर नसतंच, सांगितलं की तेच चुकतं. अर्थशास्त्रज्ञ ब्रायन आर्थर यांनी १९९४ मध्ये हे एका बारच्या उदाहरणाने मांडलं, १०० जणांपैकी ६० पेक्षा कमी आले तरच मजा. १९९७ मध्ये शाले आणि झांग यांनी त्याचाच मायनॉरिटी गेम केला, म्हणजे ज्या बाजूला कमी लोक ती बाजू जिंकते असा खेळ.

आणि तो जाम. तासभर गाडी मुंगीसारखी सरकते, मुलं कंटाळून झोपतात, मग एकदम रस्ता मोकळा, आणि बघावं तर ना अपघात ना खड्डा! नागेल आणि श्रेकेनबर्ग यांच्या १९९२ च्या रहदारीच्या कॉम्प्युटर मॉडेलमध्ये नेमकं हेच दिसतं, गर्दी ठराविक मर्यादेपुढे गेली की कोणीतरी उगाच ब्रेक मारतो, मागचा त्याहून जोरात मारतो, आणि गाड्या पुढे जात असताना जाम मात्र मागे मागे सरकत जातो. मला हे मॉडेल सगळ्यात जास्त पटतं, कारण दोष कुठल्या एका ड्रायव्हरचा नसतो.

पैशाचंही तसंच. २००० साली द्रागुलेस्कू आणि याकोवेन्को यांनी दाखवलं की सगळ्यांना सारखे पैसे देऊन नुसती आपसात रँडम देवाणघेवाण चालू ठेवली, तरी काही काळाने बऱ्याच जणांकडे थोडे आणि थोड्यांकडे बरेच उरतात, कोणी लबाडी न करता. त्याच वर्षी अनिर्बान चक्रवर्ती आणि विकास चक्रवर्ती यांनी त्यात बचत घातली, म्हणजे प्रत्येकाने काही पैसे बाजूला ठेवून उरलेल्याचीच देवाणघेवाण करायची, तेव्हा ही दरी कमी झाली.

अर्थशास्त्रज्ञांचा आक्षेप इथेच आहे आणि तो मला रास्त वाटतो, ह्या हिशोबात पैसा फक्त हात बदलतो, नवीन काही तयार होत नाही. कातळ फोडून हापूसचं कलम लावलं, काही वर्षं पाणी घातलं आणि पहिली पेटी निघाली, तर ती कोणाच्या खिशातनं आलेली नसते.