ठिणगी पडते ती करंट तुटल्यावर

"दिवे झकास लागतायत, म्हणजे बॅटरी ठीक आहे." जुनी गाडी सुरू होईना की भोवती जमलेल्यांपैकी कुणीतरी हे वाक्य म्हणतोच. गेल्या श्रावणात आमच्या शेजारच्या काकांची प्रीमियर पद्मिनी पंधरा दिवस पावसात उभी होती. किल्ली फिरवली की नुसतं 'टक्' व्हायचं आणि पुढे काही नाही. हेडलाइट मात्र लख्ख! बॅटरीवरचा संशय तिथेच संपला आणि सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी विजेची मोटर, जळाला असं सगळ्यांनी ठरवून टाकलं.

खरं तर हेडलाइट आणि सेल्फ यांच्या भुकेत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. दोन्ही हेडलाइट मिळून सात-आठ अँपिअर घेतात. सेल्फला इंजिन फिरवायला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. आता शाळेतला ओहमचा नियम आठवा: व्होल्टेजची घट म्हणजे करंट गुणिले रोध. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट पापुद्रा साचला आणि त्याचा रोध फक्त ०.०५ ओहम झाला असं समजू. दिव्यांच्या करंटला तिथे अर्ध्या व्होल्टहूनही कमी घट सोसावी लागते. डोळ्यांना फरक कळतही नाही. पण त्याच जागेतून १५० अँपिअर न्यायचे तर साडेसात व्होल्ट तिथेच खर्ची पडतील. १२ मधले उरले साडेचार, आणि तेवढ्यावर सेल्फ फिरत नाही. टर्मिनल काढून खायच्या सोड्याच्या पाण्याने धुतलं, पॉलिश पेपरने घासलं, आवळून बसवलं, आणि सेल्फ घरघरून फिरला.

पण गाडी पकडेना.

सेल्फ फिरतो पण इंजिन पेटत नाही, म्हणजे प्रश्न उरतात दोन: पेट्रोल येतंय का, आणि ठिणगी पडतेय का. पेट्रोलचं लवकर उरकतं. बरेच दिवस उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमधलं (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागातलं) पेट्रोल उडून जातं, आणि पंप इंजिनवरच चालणारा असल्याने तो भरायला थोडा वेळ सेल्फ मारावा लागतो. उलट पेट्रोलचा भपकारा येत असेल तर गाडी ओव्हरफ्लो झाली आहे. चोक, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी करणारी खिट्टी, आत ढकलून थोडं थांबायचं. काकांच्या गाडीत पेट्रोल येत होतं. राहिली ठिणगी, आणि माझा जीव अडकलेला आहे तो तिच्यातच.

बॅटरी १२ व्होल्टची. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या टोकांमधली अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची फट ओलांडायला हजारो व्होल्ट लागतात. ते येतात कुठून? कॉइलमध्ये लोखंडी गाभ्यावर दोन गुंडाळ्या असतात: जाड तारेचे दोन-तीनशे वेढे आणि केसासारख्या बारीक तारेचे वीसेक हजार. जाड गुंडाळीतून तीन-चार अँपिअर करंट वाहत असतो, तोवर काहीच घडत नाही. ठिणगी पडते ती डिस्ट्रिब्युटरमधले (प्रत्येक प्लगला पाळीपाळीने वीज वाटणाऱ्या डब्यातले) पॉइंट, म्हणजे स्विचसारखे उघडमीट करणारे दोन धातूचे तुकडे, उघडतात आणि करंट तुटतो त्या क्षणी! गाभ्यातलं चुंबकीय क्षेत्र कोसळतं, आणि फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवल्याप्रमाणे क्षेत्र जितकं झपाट्याने बदलेल तितका व्होल्टेज मोठा. विहिरीवरचा पंप बंद केल्यावर पाइपमधलं धावतं पाणी अडून व्हॉल्व्ह धाडकन आपटतो, तसाच हा अडलेल्या करंटचा धक्का. घरातल्या जुन्या ट्यूबलाइटचा चोक (गाडीच्या चोकहून वेगळा, हीही तारेची गुंडाळीच) हेच करतो. स्टार्टर उघडला की चोक धक्का देतो आणि नळी पेटते.

मात्र वाहता करंट सहजी तुटत नाही. पॉइंट किंचित विलग झाले की तो त्या फटीतून ज्वाळेसारखा उडी मारून वाहतच राहतो. मग क्षेत्र रेंगाळत कोसळतं आणि प्लगवर काहीच पोचत नाही. म्हणून पॉइंटला समांतर एक छोटा कंडेन्सर, म्हणजे थोडा वेळ वीज साठवणारा भाग, जोडलेला असतो, साधारण पाव मायक्रोफॅरडचा. पॉइंट उघडताच करंट त्या कंडेन्सरमध्ये शिरतो. तो भरेपर्यंत पॉइंट पुरेसे लांब गेलेले असतात, आणि करंट सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी वेळात शून्यावर येतो. जाड गुंडाळीत दोन-तीनशे व्होल्ट उसळतात, बारीक गुंडाळीत त्याच्या शंभरपट.

कॉइलमधली ऊर्जा ½LI² असते (L हा गुंडाळीचा गुणधर्म, I हा करंट), म्हणजे करंटच्या वर्गावर अवलंबून. उतरलेल्या बॅटरीचा व्होल्टेज सेल्फ फिरताना ९ वर आला, तर करंट पाऊण पट होतो आणि ठिणगीची ऊर्जा जेमतेम ५६ टक्के. धक्का मारून गाडी का सुरू होते, त्याचं उत्तरही इथेच आहे: दीडशे अँपिअरचं काम माणसं करतात आणि बॅटरीला फक्त कॉइलचे तीन-चार पुरवायचे असतात. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी ही बॅटरी-कॉइलची रचना १९१० च्या कॅडिलॅकसाठी तयार केली. १९१२ च्या कॅडिलॅकमधला विजेवर चालणारा सेल्फही त्यांचाच.

मधल्या काळात जमलेल्यांपैकी एकाने गाडी अवसेला उभी केल्याचं काढलं आणि बंपरचं लिंबू बदलायला सांगितलं. दुसऱ्याने पेट्रोलच्या पाइपवर बांधायचं लोहचुंबक सुचवलं. पेट्रोल हे हायड्रोकार्बन. लोहचुंबकाने त्याच्या जळण्यात फरक पडत नाही. लिंबू तर पॉइंटपर्यंत पोचतच नाही. याचा मला मनापासून राग येतो, कारण अशा उपायांनी दोष शोधणं थांबतं.

आम्ही आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून कोरड्या फडक्याने पुसली. पावसाळ्यात तिच्या आत दव साचतं आणि प्लगकडे जाणारा करंट ओल्या वाटेने अर्थ होतो. मग कॉइलची मधली वायर इन्सुलेटेड पकडीने इंजिनच्या धातूपासून सहा मिलिमीटरवर धरली आणि काकांना सेल्फ मारायला सांगितलं. हा प्रयोग फक्त पॉइंटवाल्या जुन्या गाडीवर आणि पेट्रोलच्या वाफेपासून लांबच करायचा. नव्या गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स त्याने जळू शकतं. ठिणगी पडली, पण पिवळट आणि मरगळलेली, तीही वायर तीन मिलिमीटरवर आणल्यावर. प्लगची फट त्याहूनही लहान असते, पण सिलिंडरमध्ये दाब बाहेरच्या हवेच्या आठ-दहा पट असतो, आणि दाबलेली हवा फोडायला व्होल्टेजही त्याच मानाने जास्त लागतो. बाहेर तीन मिलिमीटर उडणारी ठिणगी आत विझूनच जाते.

पॉइंट पाहिले तर काळेनिळे पडलेले, एकावर खड्डा आणि दुसऱ्यावर उंचवटा: कंडेन्सर निकामी झाल्याची खूण. पॉइंट घासले, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्टीने) फट लावली, नवा कंडेन्सर बसवला. या वेळी ठिणगी सहा मिलिमीटर ओलांडून निळी, चटचट आवाज करत पडली. काकांनी चोक ओढला, किल्ली फिरवली, आणि दुसऱ्याच फेरीत गाडीने पकडलं.