संरक्षण आदेश व मनाई हुकूम (कोकण)

घरातला छळ, मारहाण किंवा घराबाहेर काढण्याची धमकी यांना आळा घालण्यासाठी न्यायालयाकडून मिळवायचे आदेश. कोर्टाच्या आवारात दोन्ही नावे सैलपणे वापरली जातात. वास्तविक त्यांची कुळे वेगळी. मनाई हुकूम (दोन्ही शब्द मूळचे अरबी, फारसीवाटे मराठीत आलेले) हा दिवाणी दाव्यातला, 1963 च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाखालचा. संरक्षण आदेश 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम 18 खालचा. हा कायदा 26 ऑक्टोबर 2006 रोजी अमलात आला. त्याखाली अर्ज करण्याला बोलण्यात ‘डीव्ही (डोमेस्टिक व्हायोलन्स) टाकणे’ म्हणतात.

ही कार्यवाही दिवाणी की फौजदारी, याविषयी मतभेद आहेत. अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यापुढे होतो आणि आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, 20,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यावरून काही जण ती फौजदारी मानतात. मात्र निवास, खर्चाची रक्कम, मुलांचा ताबा ही दाद दिवाणी वळणाची असून कलम 26 नुसार ती दिवाणी वा कुटुंब न्यायालयातही मागता येते. कलम 12 चा (म्हणजे या कायद्याखाली दाद मागण्याचा) अर्ज म्हणजे फौजदारी तक्रार नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये ‘कामाच्ची वि. लक्ष्मी नारायणन’ प्रकरणात म्हटले. तेव्हा अर्ज दिवाणी व भंग फौजदारी, हीच मांडणी अधिक ग्राह्य दिसते.

कोकणात खरा पेच ‘सामायिक घर’, म्हणजे जिथे राहण्याचा हक्क स्त्री मागू शकते ते घर, या व्याख्येचा. नवरा चाकरमानी, बायको गावी सासू-सासऱ्यांपाशी, आणि घरपत्रकाच्या उताऱ्यावर नाव सासऱ्याचे, क्वचित वारलेल्या आजेसासऱ्याचे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2006 च्या बत्रा निर्णयाने सासूच्या मालकीच्या घरात सुनेचा निवासहक्क नाकारला होता. त्याच न्यायालयाच्या 15 ऑक्टोबर 2020 च्या आहुजा निर्णयाने तो मोडीत काढला : घर सासऱ्याच्या नावे असले तरी सून तिथे नांदत होती का, हे पाहिले जाते. निवास आदेशाने घराची मालकी बदलत नाही. ओटी-माजघर सासऱ्यांकडे आणि मागची खोली सुनेकडे असे ठरले, तर विहीर, न्हाणी व मागीलदारची वाटही आदेशात लिहून घ्यावी; नाहीतर भांडण घागरीवर येते. 2016 च्या हरसोरा निर्णयानंतर सासू-नणंदेविरुद्धही थेट अर्ज करता येतो.

माहेरी परतलेली स्त्री तिथल्या न्यायालयातही अर्ज करू शकते. चिपळूणची सासुरवाशीण दापोलीला आली, तर दापोलीत. पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत आणि निकाल 60 दिवसांत व्हावा, ही कायद्याची अपेक्षा. निकड असल्यास कलम 23 खाली एकतर्फी अंतरिम आदेश मिळतो. संरक्षण अधिकाऱ्याचा (या कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याचा) घटना अहवाल उपयोगी, पण अर्जासाठी अनिवार्य नाही (सर्वोच्च न्यायालय, प्रभा त्यागी प्रकरण, 2022).

वकील देण्याची ऐपत नसल्याने अर्ज अडू नये, यासाठी 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाची सोय आहे. स्त्रीला मोफत वकील मिळण्यास उत्पन्नाची अट नाही, हे अनेकींना ठाऊक नसते. अलिबाग, रत्नागिरी व ओरोस येथे जिल्हा प्राधिकरणे असून टोल-फ्री क्रमांक 15100 आहे. आदेशाची प्रत पक्षकारांना विनामूल्य मिळते. तीच त्या भागातल्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यालाही जाते.

अपील 30 दिवसांत सत्र न्यायालयात. त्यापुढे रायगडची प्रकरणे मुंबईस, तर रत्नागिरी व सिंधुदुर्गाची 18 ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे जातात.