‘सुनिश्चित पद’ आणि ‘आरक्षित जागा’ यांची गल्लत आता थांबवा

सरकारी भरतीची जाहिरात आली की दिव्यांग उमेदवारांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक तक्ता फिरू लागतो: पदाचं नाव, एकूण जागा, दिव्यांगांच्या जागा. शेवटच्या रकान्यात शून्य दिसलं की खाली कुणीतरी लिहून टाकतं, ‘आपल्यासाठी काही नाही, फॉर्म भरू नका.’ हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यापायी पात्र माणसं स्पर्धा सुरू होण्याआधीच बाहेर पडतात. दुसऱ्या टोकालाही चूक होते. ‘सदर पद अस्थिव्यंग व कर्णबधिर उमेदवारांसाठी सुनिश्चित’ एवढं वाचून आपली जागा राखलेली आहे असं धरून चालणारेही पुष्कळ आहेत. गल्लत एकच आहे: दिव्यांग हक्क कायद्यात सुनिश्चिती (कोणतं पद कोणत्या प्रकारच्या दिव्यांग व्यक्तीला सांभाळता येईल हे ठरवणं) कलम 33 मध्ये आहे आणि आरक्षण कलम 34 मध्ये, पण कलम 33 चं काम कलम 34 च्या नावावर टाकायचं, किंवा उलट.

आरक्षणाबद्दल बहुतेकांना माहिती आहे, म्हणून ते झटपट. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 हा 19 एप्रिल 2017 पासून लागू झाला. त्याच्या कलम 34 नुसार सरकारी आस्थापनांत किमान 4 टक्के जागा लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखायच्या. त्यातला 1 टक्का अंध व अल्पदृष्टी, 1 टक्का कर्णबधिर, 1 टक्का अस्थिव्यंग (यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, आम्लहल्ला पीडित आणि स्नायूंचा अपविकास आले) आणि उरलेला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुदिव्यांगत्व यांना मिळून. महाराष्ट्रात यासाठी सामान्य प्रशासन विभागाचा 29 मे 2019 चा शासन निर्णय आहे. हे आरक्षण समांतर आहे, त्यामुळे निवड झालेला उमेदवार ज्या सामाजिक प्रवर्गातला असेल त्याच प्रवर्गात मोजला जातो. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं केंद्रीय ओळखपत्र) आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्र यांच्यातल्या फरकावरही लोक तासन्‌तास वाद घालतात. स्वावलंबन पोर्टलवरच्या एकाच अर्जातून दोन्ही मिळतात, दोन्ही जवळ ठेवा, विषय संपला.

आता सुनिश्चिती. कलम 33 सांगतं की कोणत्या प्रकारचं दिव्यांगत्व असलेली व्यक्ती कोणतं पद सांभाळू शकते हे शासनानं तज्ज्ञ समितीच्या मदतीनं ठरवावं, आणि दर तीन वर्षांच्या आत त्याचा फेरआढावा घ्यावा. केंद्राची सध्याची यादी 4 जानेवारी 2021 च्या अधिसूचनेची आहे. तिच्यात गट अ ची 1046, गट ब ची 515, गट क ची 1724 आणि गट ड ची 281 पदं आहेत. ही यादी परिपूर्ण नाही, हे तिच्यातच नमूद आहे. नाव वेगळं पण काम तेच असलेलं पद सुनिश्चितच समजायचं, आणि खालचं पद सुनिश्चित असेल तर त्यावरून बढतीनं मिळणारं वरचं पदही सुनिश्चित धरायचं.

थोडक्यात, सुनिश्चिती सांगते की या पदावर कोण बसू शकतं. आरक्षण सांगतं की किती जागांवर फक्त तेच बसतील. पहिल्याचं उत्तर ‘हो’ आणि दुसऱ्याचं ‘शून्य’ असू शकतं, आणि अशा वेळी अर्ज भरायचाच असतो.

ही शून्याची गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे, कारण बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. जाहिरातीतला शून्य म्हणजे ‘दिव्यांगांना मनाई’ नव्हे. बिंदुनामावली, म्हणजे कितवी जागा राखीव हे ठरवणारी क्रमवार नोंदवही, या फेरीत राखीव बिंदूवर आलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. केंद्राच्या 15 जानेवारी 2018 च्या कार्यालयीन ज्ञापनानुसार दिव्यांगांसाठी 100 बिंदूंची नोंदवही ठेवायची असते. तिचे 1 ते 25, 26 ते 50, 51 ते 75 आणि 76 ते 100 असे चार भाग असतात, आणि 1, 26, 51 व 76 हे बिंदू राखीव असतात. समजा, मागची भरती 28 व्या बिंदूवर थांबली आणि आता आठ जागा निघाल्या. त्या 29 ते 36 वर बसतात. राखीव बिंदू त्यात येत नाही, म्हणून दिव्यांगांच्या रकान्यात शून्य. राज्याच्या बिंदुनामावलीचा तपशील वेगळा असेल, पण कारण हेच.

त्या आठही जागा अनारक्षित बाजूनं तुमच्यासाठी खुल्या आहेत. पद तुमच्या प्रकारासाठी सुनिश्चित असेल, तर त्याच्या अनारक्षित जागेसाठी स्पर्धा करण्यापासून दिव्यांग उमेदवाराला रोखता येणार नाही, असं तेच ज्ञापन स्पष्ट सांगतं. केंद्रीय भरतीत वयाची सवलतही सुनिश्चितीला बांधलेली आहे. जागा आरक्षित असो वा नसो, पद सुनिश्चित असलं की 10 वर्षं, इतर मागासवर्गीयांना 13 आणि अनुसूचित जाती-जमातींना 15 वर्षं मिळतात. राज्याच्या जाहिरातीत दिव्यांगांची उच्च वयोमर्यादा सर्वसाधारणपणे 45 वर्षं असते. तो तक्ता त्याच जाहिरातीत तपासा, जुन्या जाहिरातीवरून अंदाज बांधू नका.

म्हणून शून्य जागा असल्या तरी अर्जातल्या दिव्यांगत्वाच्या रकान्यात ‘होय’च लिहा. ‘शून्य आहे तर कशाला लिहायचं’ म्हणून ‘नाही’ लिहिणाऱ्यांचं नुकसान तीन ठिकाणी होतं. वयाची सवलत जाते. लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटांच्या जादा वेळेचा दावा अडकतो. आणि शुद्धिपत्रकानं पुढे दिव्यांगांची जागा वाढली, तर अर्जात दावाच नसल्यामुळे ती तुम्हाला मिळत नाही. पदसंख्या आणि आरक्षण बदलू शकतं, ही ओळ जाहिरातीत उगाच छापलेली नसते.

याच्याशी जोडलेला आणखी एक मुद्दा. कोणतीही शिथिलता न घेता सर्वसाधारण गुणवत्तेवर निवडलेला दिव्यांग उमेदवार राखीव जागेवर मोजायचा नाही, असं केंद्राचा नियम सांगतो. ती राखीव जागा पुढच्या दिव्यांग उमेदवाराकडे जाते. ‘एक दिव्यांग घेतला, कोटा झाला’ हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो कुठे दिसला तर लेखी हरकत घ्या.

आता कार्यालयांच्या बाजूची गल्लत, जी जास्त नुकसान करते. ‘हे पद सुनिश्चित नाही, म्हणून ते आरक्षणाच्या हिशेबात धरलं नाही.’ असं उत्तर आजही मिळतं, आणि ते सर्वोच्च न्यायालयानं कधीच मोडीत काढलं आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात आरक्षण 3 टक्के होतं. भारतीय प्रशासकीय सेवेतली पदं दृष्टिहीनांसाठी 2005 मध्येच सुनिश्चित झाली, त्याआधीच्या रिक्त जागांवर आरक्षण कसं देणार, असा केंद्राचा युक्तिवाद होता. रवि प्रकाश गुप्ता खटल्यात 2010 मध्ये न्यायालयानं तो फेटाळला. सुनिश्चिती होईपर्यंत आरक्षण थांबतं असं मानलं, तर यादीच न करून सरकार कायदा गोठवू शकेल. पुढे 8 ऑक्टोबर 2013 ला नॅशनल फेडरेशन ऑफ द ब्लाइंडच्या खटल्यात मोजणीचा प्रश्नही निकाली निघाला. टक्केवारी संवर्गातल्या एकूण रिक्त जागांवर काढायची, फक्त सुनिश्चित पदांवर नाही.

आकड्यात बघा. एका गटात 100 रिक्त जागा आहेत आणि त्यातल्या 50 सुनिश्चित पदांच्या आहेत. दिव्यांगांच्या जागा 4 होतात. 50 चे 4 टक्के काढून 2 दाखवल्या, तर दोन माणसांच्या नोकऱ्या कागदावरच गेल्या. नोंदवहीतही सुनिश्चित असो वा नसो, प्रत्येक रिक्त जागा नोंदवायची असते. पहिल्या बिंदूवरचं पद सुनिश्चित नसेल, तर 2 ते 25 मधली एखादी जागा राखीव करायची. म्हणजे संख्या सगळ्या जागांवरून ठरते, आणि ती भरायची मात्र सुनिश्चित पदांवर. ही दोन पावलं वेगळी ठेवली की बाकीचा गोंधळ आपोआप सुटतो.

‘सुनिश्चित नाही’ आणि ‘सूट दिलेली आहे’ हेही एक नव्हे. आस्थापनेला आरक्षणातून सूट हवी असेल, तर मुख्य किंवा राज्य आयुक्तांशी विचारविनिमय करून शासनाला अधिसूचना काढावी लागते. 18 ऑगस्ट 2021 ला भारतीय पोलीस सेवेसाठी तशी अधिसूचना निघाली. कार्यालय सूट सांगत असेल, तर तिची तारीख आणि क्रमांक मागा. पूर्ण बंदीही न्यायालयात टिकेलच असं नाही. दृष्टिहीनांना न्यायिक सेवेतून वगळणारा मध्य प्रदेशचा नियम 3 मार्च 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं रद्द केला.

उमेदवाराच्या हातात असलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे सुनिश्चितीचे संकेत वाचणं. जाहिरातीत दोन रकाने असतात आणि लोक एकच वाचतात. पहिला दिव्यांगत्वाचा प्रकार: ‘ओए’ एक हात, ‘ओएल’ एक पाय, ‘बीएल’ दोन्ही पाय, ‘ओएएल’ एक हात व एक पाय, ‘एलव्ही’ अल्पदृष्टी, ‘एचएच’ कमी ऐकू येणं. दुसरा कामाची शारीरिक गरज: ‘एस’ बसणं, ‘एसटी’ उभं राहणं, ‘डब्ल्यू’ चालणं, ‘एल’ उचलणं, ‘एमएफ’ बोटांनी हाताळणं, ‘एसई’ पाहणं, ‘एच’ ऐकणं. ‘अस्थिव्यंग चालतात’ एवढ्यावर विसंबून ‘बीएल’ उमेदवार अर्ज भरतो आणि पद फक्त ‘ओए, ओएल’ साठी सुनिश्चित निघतं. मग परीक्षा पास होऊनही कागदपत्र पडताळणीत नाव कापलं जातं.

दुसरी अडचण प्रमाणपत्राची. त्यात टक्क्यांबरोबर शरीराचा कोणता भाग बाधित आहे हे लिहायची जागा असते. ती रिकामी असेल किंवा मोघम भरलेली असेल, तर पडताळणी अधिकारी तुम्हाला ‘ओएल’ मध्ये घालणार की ‘बीएल’ मध्ये, हे त्याच्या मर्जीवर राहतं. अर्ज भरण्याआधीच जिल्हा रुग्णालयातून ती नोंद दुरुस्त करून घ्या. पडताळणीची तारीख लागल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही.

शंका असेल तर माहितीचा अधिकार वापरा. राज्यात शुल्क 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस. ‘दिव्यांगांवर अन्याय का’ असा प्रश्न विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: या संवर्गाची दिव्यांग बिंदुनामावली, शेवटचा भरलेला बिंदू, मागच्या भरतीतून पुढे ओढलेला अनुशेष, आणि पद सुनिश्चित केल्याच्या आदेशाची प्रत. अनुशेष विचारायलाच हवा. योग्य उमेदवार न मिळाल्यानं रिकामी राहिलेली राखीव जागा पुढच्या भरती वर्षात न्यावी लागते. तेव्हाही नाही मिळाला, तर आधी दिव्यांगांच्या पाच प्रवर्गांत अदलाबदल करायची, आणि त्यानंतरच ती इतरांना देता येते. कागदात गडबड दिसली तर आधी कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे (कलम 23) आणि मग पुण्यात राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जा. केंद्रीय आस्थापना असेल तर दिल्लीत मुख्य आयुक्तांकडे.

खासगी कंपन्यांत 4 टक्के आरक्षण नाही. कलम 35 मध्ये मनुष्यबळात किमान 5 टक्के दिव्यांग असावेत म्हणून प्रोत्साहनाची तरतूद आहे, सक्ती नाही. सुनिश्चिती मात्र तिथेही आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असतं. 2017 च्या नियमांतल्या नियम 8 नुसार 20 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेच्या समान संधी धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादी, निवडीची पद्धत, सहाय्यक साधनांची तरतूद आणि संपर्क अधिकाऱ्याची नेमणूक असावी लागते. त्या धोरणाची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची असते. मुलाखतीला जाण्याआधी कंपनीच्या संकेतस्थळावर ते शोधा. सापडलं नाही, तर मनुष्यबळ विभागाला ईमेल करून धोरण आणि पदांची यादी मागा, आणि संपर्क अधिकाऱ्याचं नाव विचारून ठेवा. मुलाखतीला लागणारी सोय, मग ती सांकेतिक भाषेचा दुभाषी असो, तळमजल्यावरची खोली असो किंवा स्क्रीन रीडर असलेला संगणक, त्याच अधिकाऱ्याकडे लेखी मागायची.