आत्म्याचे फळ : ठाणे परिसरातील ख्रिस्ती जीवनसाधना

आत्म्याचे फळ : पवित्र आत्म्याच्या सहवासाने माणसाच्या स्वभावात हळूहळू उतरणाऱ्या गुणांना ख्रिस्ती परंपरेत हे नाव आहे. ते गुण उतरावेत म्हणून जन्मभर चालवायची साधनाही याच नावाखाली समजावून सांगितली जाते. याचा आधार पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात, ५व्या अध्यायातील २२ व २३ या वचनांत आहे. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता आणि इंद्रियदमन असे नऊ गुण तेथे येतात. व्हल्गेट या बायबलच्या जुन्या लॅटिन पाठाला अनुसरून कॅथलिक शिकवणीत ते बारा मोजले जातात.

मूळ ग्रीक वचनातला ‘कार्पोस’ म्हणजे फळ हा शब्द एकवचनी आहे, आणि मराठी भाषांतरातही ‘फळ’ एकवचनीच ठेवले आहे. ही बारीक गोष्ट फार मोलाची आहे. हे नऊ गुण एकाच फळाच्या नऊ फोडी आहेत. प्रार्थनेत तासभर रमणारा माणूस घरी आला की बायकोवर आणि पोरांवर खेकसत असेल, तर फळ अजून कच्चे आहे, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. फळ धरते देवाच्या कृपेने, ही सर्व पंथांची समान भूमिका. योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय १५) येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणतो आणि शिष्यांना फाटे. वेलीपासून तुटलेल्या फाट्याला कितीही जोर लावला तरी घड लागत नाहीत. माणसाच्या वाट्याला येते ती मशागत. लूकच्या शुभवर्तमानातील (अध्याय १३) दाखल्यात तीन वर्षे फळ न देणाऱ्या अंजिराच्या झाडाला माळी आणखी एक वर्ष मागून घेतो आणि भोवती खणून खत घालीन म्हणतो. धीर सुटलेल्या माणसाला या दाखल्याइतका आधार देणारे दुसरे काही क्वचितच सापडेल.

ठाण्यात ही साधना जुनी आहे. पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधी, १३२१ मध्ये, येथे पूर्व सिरियाई, म्हणजे सिरियाई भाषेत उपासना करणाऱ्या पूर्वेकडील चर्चच्या, परंपरेची काही ख्रिस्ती कुटुंबे राहत होती. त्यांच्याच एका घरी उतरलेल्या तोलेंतिनोच्या थॉमससह फ्रान्सिस्कन या संन्यासी संघाच्या चार बंधूंना त्या वर्षी एप्रिलमध्ये ठाण्यात हौतात्म्य आले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डनस कॅटलानी हा डोमिनिकन या दुसऱ्या संघाचा संन्यासी त्या वेळी गावाबाहेर होता, म्हणून वाचला. परत आल्यावर त्याने त्यांना मूठमाती दिली आणि पुढे याच भागात काम केले. इतिहासात नावे हुतात्म्यांची राहिली. परक्या देशातून आलेल्या चौघांना ज्या घराने दार उघडले, त्या घराचाही या नोंदीशी तितकाच संबंध आहे, कारण ममता आणि चांगुलपणा हे त्याच फळाचे भाग.

सोळाव्या शतकात साष्टी बेट, ज्यावर ठाणे वसले आहे, पोर्तुगीजांकडे गेले आणि ठाण्यात चर्चे व मठ उभे राहिले. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, दोन वर्षांनी वसईही घेतली. युरोपीय धर्मगुरू निघून गेले, थोडे देशी धर्मगुरू मागे उरले. अशा काळात श्रद्धा तगते ती घरातल्या वेदीपुढे आणि वाटेवरच्या क्रुसापाशी. गावठाणातल्या जुन्या क्रुसांपुढे मे महिन्यात आजही शेजारीपाजारी जमतात, फुलांच्या माळा घालतात, रोझरी (मण्यांच्या माळेवरची प्रार्थना) आणि लादीन (मरियेला उद्देशून आळवणी) म्हणतात. मग उकडलेले चणे वाटले जातात. मूठभर चण्यांसाठी थांबलेल्या पोरांना त्या निमित्ताने आजीचे ‘नमो मरिया’ पाठ होते.

मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च हे शहरातील कॅथलिकांचे जुने केंद्र. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबई वसू लागली आणि वस्तीचा पोत पालटला. ईस्ट इंडियन (मुंबई-साष्टीतले मूळचे कॅथलिक) व कोळी कुटुंबांच्या शेजारी वसईकर, गोव्याचे कोकणी बोलणारे आणि अहिल्यानगर, जालना, सोलापूरकडून नोकरीसाठी आलेले मराठी प्रोटेस्टंट राहू लागले. केरळी सिरो-मलबार, म्हणजे सिरियाई परंपरेच्या, कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याण धर्मप्रांत स्थापन झाला. कॅथलिक घरात ‘मिस्साला जाऊ’ म्हणतात, प्रोटेस्टंट घरात ‘उपासनेला’. एकाकडे फादर, दुसऱ्याकडे पाळकसाहेब. नारायण वामन टिळकांची (१८६१–१९१९) ख्रिस्ती भजने मात्र दोन्हीकडच्या मराठी भाविकांना आपली वाटतात. टाळ-पेटीवर म्हटलेली भक्ती त्यांच्या अंगात मुरलेली आहे.

रोजच्या साधनेची बैठक साधी असते : सकाळी शास्त्रवाचन व प्रार्थना, दिवसभर काम, रात्री आत्मपरीक्षण. इग्नेशियस लोयोलाने (१४९१–१५५६) घालून दिलेल्या आत्मपरीक्षणाच्या पद्धतीत आधी दिवसाबद्दल आभार मानायचे, मग उजेड मागायचा, मग दिवस तासातासाने आठवायचा, चुकले तेथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी बळ. पाठीला उशी लावून दहा मिनिटांत होण्यासारखी ही गोष्ट आहे, तरी हीच सर्वांत आधी सुटते. ठाणे–वाशी लोकलमध्ये घणसोलीपर्यंत उभ्याने जाणाऱ्या एखाद्या बाईच्या बोटात रोझरीची दहा मण्यांची अंगठी दिसते. एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा एकेक मणी सरकवतो आहे. घणसोली येईस्तोवर दोन रहस्ये, म्हणजे रोझरीचे दहा-दहा मण्यांचे दोन भाग, होतात. मधेच कोणी ‘ताई, जरा सरकता का’ म्हटले की ती सरकते आणि थांबलेल्या मण्यापासून पुन्हा सुरू करते. ते सरकणेही तिच्या प्रार्थनेतच जमा होते, असे म्हणायला हरकत नाही.

ईस्टरआधीचा उपवासकाळ, ज्याला जुनी माणसे लेंत म्हणतात, हा मशागतीचा हंगाम. राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागते आणि चाळीस दिवस सुरू होतात. कॅथलिक नियमानुसार राखेचा बुधवार व शुभ शुक्रवार हे उपवासाचे दिवस. उपवास १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून ६०वे वर्ष लागेपर्यंत, मांसत्याग १४ वर्षे पूर्ण झाल्यापासून पुढे. शुक्रवारी मटण येत नाही आणि वाचलेले पैसे चर्चने दिलेल्या पाकिटात पडतात. पैसे तसेच घरात राहिले, तर ती नुसती काटकसर झाली. मत्तयाच्या शुभवर्तमानात (अध्याय ६) दानधर्म, प्रार्थना आणि उपवास तिन्ही गुप्तपणे करायला सांगितले आहे. प्रामाणिक ख्रिस्ती जीवनाची सगळी ओळख त्या एका शब्दात येते. उपवास करणाऱ्याने तोंड उतरवून फिरू नये, डोक्याला तेल लावावे, तोंड धुवावे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे.

सर्वांत अवघड भाग समेटाचा आहे. वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे हे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, अशी येशूची आज्ञा मत्तयाच्या ५व्या अध्यायात आहे. गावठाणात वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून, बिल्डरशी केलेल्या करारावरून सख्ख्या भावांचे बोलणे वर्षानुवर्षे बंद असते. दोघेही दर रविवारी मिस्साला येतात, एक डाव्या बाकावर, दुसरा उजव्या. शांतीचे अभिवादन करताना प्रत्येकजण शेजाऱ्याकडे वळून हात जोडतो आणि मधली वाट कोणीच ओलांडत नाही. पापनिवेदन हा संस्कार अशा गाठींसाठीही आहे. पण धर्मगुरूने क्षमा उच्चारली तरी भावाच्या दाराची कडी वाजवायला स्वतःलाच जावे लागते. नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), यात्रा, उपवास यांवर भाविक जितका जीव टाकतात, तितका या एका आज्ञेवर टाकला, तर फळ लवकर धरेल, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी साष्टीतील ईस्ट इंडियन समाज आगेरा हा सुगीचा सण साजरा करतो. भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये आणून त्यांना आशीर्वाद दिला जातो आणि त्या घरोघर वाटल्या जातात. ठाण्याची बहुतेक भातशेते इमारतींखाली गेली, त्यामुळे लोंब्या आता बाहेरून आणाव्या लागतात. घरी आणलेली लोंबी वेदीवरच्या क्रुसाला टेकवून ठेवतात.